डबल बेल

भूम,
१४ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

परवा तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही जेवलास का म्हणून विचारलंत आणि मी फोनवर नखानं डबल वाजवली. ती खोटी होती. खरं तर सिंगल द्यायला पाहिजे होती, पण सिंगल दिली असती तर का जेवला न्हाईस म्हणून विचारलं असतंत, आणि त्याचं उत्तर बेलमध्ये बसत न्हाय. म्हणून हे पत्र.

एवढी वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. सिंगल म्हणजे थांबा, डबल म्हणजे चला, एवढ्यावर गाडी भूमहून पुण्याला जाऊन परत यायची. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला तेव्हा वाटलं, एवढ्यावर घरही चालेल. चाललंही, कारण गजरा होती. मी टेबलावर एकदा वाजवली की नको, दोनदा वाजवली की हो, आणि त्याच्या पुढचं सगळं ती बोलायची. आता वाजवली तरी ऐकणारं कोण आहे? तिला जाऊन दोन महिने झाले. मोनिका आईचे दिवस उरकून आठवडाभर राहिली आणि नागपूरला नोकरीवर गेली. तिनं तरी किती रजा काढायची? शेजारच्या गिरिजाबाई दुपारची भाकरी पाठवतात. बाई भली आहे, पण मला बोलता येत न्हाय म्हणजे ऐकूही येत न्हाय असं धरून कानाशी ओरडते. मी मान हलवतो.

आता कामाचं. दसऱ्याला गाडी घेतली ती तुम्हाला ठाऊक आहेच. बार्शीला तपासणीला जाताना एसटीच्या धुळीनं गळ्याच्या भोकाला त्रास होतो म्हणून गजरानंच हट्ट धरला होता. निम्मे पैसे माझ्या फंडातले, निम्मं कर्ज, तेही शोरूमवाल्यांनीच करून दिलेलं. बँकेतून हप्ता कापल्याचा मेसेज ती होती तोवर तीच वाचायची. या महिन्यात मी वाचला, तर हप्ता ठरल्यापेक्षा तेरा-चौदाशेनं जास्त. खोदून काढलं तेव्हा कळलं, कर्जात माझ्या जिवाचा विमा आणि कसलीशी वाढीव वॉरंटी मिळून चौसष्ट हजार परस्पर घातलेत. ज्याचा गळा कापून कॅन्सर काढलाय त्याच्या जिवाचा विमा हे उतरवणार, आणि उद्या काही झालं तर आजार लपवला म्हणून हात वर करणार. शोरूमच्या पोराला माझ्या गळ्यावरचा रुमाल दिसत होता की.

पुढच्या आठवड्यात धाराशिवला जाऊन विचारतो. विचारतो म्हणजे लिहून दाखवतो.

मल्लेशला आणि सूनबाईंना आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू द्या, आणि पुढच्या फोनला जेवणाचं सोडून दुसरं काहीतरी विचारा.

आपला,
वैजनाथ

———

मोशी, पुणे,
२१ मार्च २०२५

चि. वैजनाथ यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. खोटी बेल देतोस व्हय रे? कंडक्टर असताना अशी दिली असतीस तर म्हातारी माणसं दारातच पडली असती. आता रोज फोन करून भाजी कसली होती ते विचारीन, आणि भाजीचं नाव बेलमध्ये कसं सांगतोस ते बघते.

वैजू, तुला एक सांगू? मलाही फोनवर तुझ्याशी बोलणं जड जातं. मी एकटीच बोलत सुटते आणि पलीकडं तुझ्या श्वासाचा आवाज येतो. तू मोबाईलवर लिहून पाठवतोस म्हणे, पण या डोळ्यांना त्या पडद्यावरचं दिसत नाही आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं तर तो घाईत वाचतो. पत्र बरं. खिडकीत बसून दोनदा वाचता येतं.

गाडीचं वाचून माझा पारा चढला. चौसष्ट हजार म्हणजे काय शेंगदाणे आहेत? ताबडतोब जा. रागानं जा. तू गरीब तोंड करून उभा राहशील तर ते तुला पाणी पाजून परत पाठवतील. वहीवर मोठ्या अक्षरात लिही. तो घशाला लावायचा यंत्राचा भोंगा दवाखान्यातून आणला होता, तोही घेऊन जा. भुतासारखा आवाज येतो म्हणून तू तो कपाटात टाकलास. अशा वेळी भुताचा आवाज चांगला.

मल्लेश म्हणतो की मामासोबत मी येतो, येत्या रविवारी. पण त्याचा रविवार काही उगवत नाही, म्हणून वाट बघू नकोस.

गजराचा फोटो मोठा करून घेतलास का? घेतला असशील तर त्याला रोज हार नको घालू. तिला फुलं वाया गेलेली आवडायची नाहीत.

लोभ माझा आहेच, तू फक्त वेळेवर जेवत जा.

तुझी,
अक्का

———

भूम,
४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

धाराशिवला जाऊन आलो. गाडी दारात असताना एसटीनं गेलो. गाडीत डावीकडची सीट मोकळी दिसते. नवीन ड्रायव्हर होतो तेव्हा गजरा तिथं बसून रस्ता साफ आहे का बघायची आणि डॅशबोर्डवर दोनदा वाजवायची. मग मी क्लच सोडायचो. लई मजा वाटायची तिला, की आता कंडक्टर ती आणि ड्रायव्हर मी.

शोरूममध्ये दसऱ्याला आमच्या गाडीवर लाल कापड टाकलं होतं, हातात पुठ्ठ्याची मोठी चावी देऊन फोटो काढला होता, आणि गजरानं कुंथलगिरीचे पेढे शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना वाटले होते. आता मॅनेजर बदललेला. मी वही पुढं केली. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि फायनान्स कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो माणूस म्हणाला की सहीच्या आधी आम्ही गिऱ्हाईकाला फोन करून सगळं सांगतो, आणि वैजनाथ यांनी फोनवर संमती दिली आहे, त्याचं रेकॉर्डिंग आहे. मी वहीवर लिहिलं की मला आवाजच न्हाय. मॅनेजर गडबडला. मग त्यांनी ते रेकॉर्डिंग मागवलं आणि तिथंच, नव्या गाड्यांच्या मध्ये, स्पीकरवर लावलं.

अक्का, ती गजरा होती.

कंपनीची मुलगी विचारते की सगळी माहिती नीट समजली ना, आणि गजरा म्हणते, हो, समजली, समजली. एवढंच. पण तिचाच आवाज. समजली म्हणताना शेवटाला थोडी घाई करते तशीच घाई. मी खूण केली, परत लावा. मॅनेजरला वाटलं मी तपासतोय. त्यानं लावलं. मी तिसऱ्यांदा खूण केली. तोवर त्यानं मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं.

मग त्यानं तोडगा काढला. माणूस वाईट वाटला न्हाय. म्हणाला की हा आवाज तुमचा न्हाय हे उघड आहे, तुम्ही एवढं लिहून द्या, कंपनी चौसष्ट हजार कमी करेल. कागद टाईप करून आणला. त्यात लिहिलेलं, सदर फोन माझ्या परवानगीविना त्रयस्थ व्यक्तीने घेतला असून तिच्या बोलण्याशी माझा काहीही संबंध नाही.

मी पेन उचललं आणि परत ठेवलं. वहीची पिशवी घेऊन स्टँडवर आलो.

आपला लोभ असावा. सध्या त्याची गरज आहे.

वैजनाथ

———

मोशी,
११ एप्रिल २०२५

चि. वैजनाथ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून रडले आणि मग तुझा राग आला. दोन्ही एकाच दुपारी.

अरे, तो कागद आहे. कागदावर सरकार माणसाला मयत लिहितं, हयात लिहितं, कुणाला काय लिहितं. त्रयस्थ लिहिलं म्हणून गजरा त्रयस्थ होते का? ती काय वरून येऊन वाचणार आहे? आणि वाचलं तरी ती काय म्हणाली असती ते तुला मी सांगते. म्हणाली असती की वन्सं, यांना सांगा, मुकाट सही करा आणि पैसे सोडवा. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास घालणारी बाई ती. चौसष्ट हजार तिच्या नावानं बुडवलेस तर तिला ते आवडेल असं वाटतं तुला?

सही कर. हप्ता कमी करून घे. आणि राग आला म्हणून हप्ते बंद वगैरे करू नकोस, ती माणसं दारातून गाडी ओढून नेतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्याची नेली, सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहून बघत होती.

चैत्राची यात्रा जवळ आली. येडाईच्या देवळासाठी रानातले चुन्याचे खडे वेचायला यंदाही मला जाता यायचं नाही. येरमाळ्याचं आमचं घर गेल्या वर्षापासून कुलपात आहे. किल्ली माझ्या उशाखाली असते, इथं तिचं काय करायचं ते कळत नाही.

लोभात कमी-जास्त करू नये. मी बोलते ते तुझ्याच भल्याचं आहे.

अक्का

———

भूम,
२८ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात ते पत्र यायच्या आधीच मी बँकेला सांगून हप्ता थांबवला होता. काल फटफटीवर दोघं आले. गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले. म्हणाले की पुढच्या महिनाअखेरपर्यंत थकबाकी न्हाय भरली तर उचलू. गिरिजाबाई त्यांच्याशी माझ्या वतीनं भांडायला आल्या, पण मी काय म्हणतोय ते त्यांना कळंना. मी सिंगल वाजवत होतो आणि त्या सांगत होत्या की भरतील, भरतील.

तेव्हा कळलं, माझ्या वतीनं बोलणं हे सोपं काम न्हाय.

अक्का, तुम्ही रागावू नका, पण तुम्हाला हे पुरतं उमगलं न्हाय. ऑपरेशननंतर गजरा माझ्या मदतीला बोलत नव्हती. ती माझं बोलत होती. डॉक्टरला कुठं दुखतं ते ती सांगायची आणि बरोबर तिथंच दुखत असायचं. पेन्शनच्या हाफिसात माझी चिडचिड ती करायची. आमचं भांडण झालं तर तेही तिलाच करावं लागायचं. मी तोंड फिरवून बसलो की ती म्हणायची, हे म्हणतात की मला तुझ्याशी बोलायचं न्हाय. आणि स्वतःच असं बोलून मग स्वतःच चिडायची की असं कसं म्हणता तुम्ही. मला हसू यायचं, ते बिनआवाजाचं, तर त्यावर आणखी चिडायची.

आता तिच्या बोलण्याशी माझा काही संबंध न्हाय असं लिहून दिलं, तर ऑपरेशनपासून आजवर मी काय बोललो? काहीच न्हाय. मोनिकाच्या लग्नाची बोलणी केली ती मी न्हाय. आमचे भाऊजी गेले तेव्हा तुमचं सांत्वन केलं ते मी न्हाय. ते सगळं त्रयस्थानं केलं, असं होतं.

आणि दुसरं एक आहे, ते कुणाला सांगितलं न्हाय. तो फोन मला आठवतच न्हाय. त्या दिवसांत गाडीसाठी इतके फोन यायचे, ती विचारायची, मी वाजवायचो. तिनं मला विमा घ्यायचा का म्हणून विचारलं असंल, आणि मीच न ऐकता डबल दिली असंल तर? मग चूक माझी, आणि ढकलू कुणावर, तर जी आता बोलू शकत न्हाय तिच्यावर.

सही करणार न्हाय. गाडी नेली तर नेऊ द्या.

लोभ ठेवायचा की न्हाय ते तुमच्यावर.

वैजनाथ

———

मोशी,
१३ मे २०२५

चि. वैजू,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. सुचत नसताना मी लिहिलेलं तू मागच्या वेळी वाचलंसच.

मी एक केलं. तुझं बघू कसं असतं म्हणून एक दिवस बोलायचंच नाही असं ठरवलं. सकाळी मल्लेश गेला, सूनबाई गेली, नात सुट्टीच्या शिबिराला गेली. नववा मजला. कामवाली बाई कानात दोऱ्या घालून गाणी ऐकत भांडी घासून गेली. संध्याकाळी सगळे आले, जेवले, आपापल्या खोलीत गेले. वैजू, मी दिवसभर एक शब्द बोलले नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आलं का विचारलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. पोरं वाईट नाहीत, तसं मनात आणू नकोस. पण मला काय म्हणायचंय ते ओळखून बोलणारं इथं कुणी नाही. तुझ्याकडं ते होतं, आणि त्यावर मी सही कर म्हणाले. आता म्हणणार नाही.

पण गाडी मात्र जाऊ द्यायची नाही. आता मी सांगते ते नीट ऐक. हे मला काल डाळ निवडताना सुचलं.

गजरा फोनवर हो, समजली, एवढंच म्हणून थांबली, हे तुला पटतं? अरे, चुकून नंबर लागलेल्या माणसालाही ती त्याच्या गावाकडं पाऊसपाणी कसं आहे ते विचारायची. मला फोन केला की ठेवते, ठेवते म्हणून अर्धा तास बोलायची, आणि शेवटी तिला फोन बंद करता यायचा नाही म्हणून तसाच पालथा ठेवायची. मग मी इकडं तुमच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकत बसायची. त्या बाईचं रेकॉर्डिंग दोन शब्दांचं असूच शकत नाही. त्यांनी तुला शेपूट ऐकवलं. त्याच्या आधी काहीतरी आहे. पैशाची गोष्ट तुला विचारल्याशिवाय ती हो म्हणणार नाही, आणि तुला विचारलं असेल तर तू जे वाजवलंस ते त्यात असेल.

पुरतं रेकॉर्डिंग मागून घे. नाही दिलं तर धाराशिवला ग्राहकांची तक्रार ऐकणारा आयोग आहे, तिथं वकिलाशिवाय अर्ज करता येतो असं मल्लेश म्हणतो. तोवर हप्ते भर, तोंडावर फेकल्यासारखे भर, पण भर.

लोभाचं विचारतोस? तो तुझ्या जन्माच्या आधीपासून तयार करून ठेवला होता.

तुझी,
अक्का

———

भूम,
२ जुलै २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. थकलेले हप्ते भरले. कंपनीला दोन पत्रं लिहिली, उत्तर न्हाय. मग आयोगात अर्ज केला आणि परवा पहिली तारीख झाली.

तिथं एक गंमत झाली. शिपायानं माझं नाव पुकारलं. हजर म्हणायचं असतं, ते कसं म्हणणार? दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं की अर्ज बाजूला ठेवतात, असं शेजारचा म्हणाला. मी छत्रीचा दांडा बाकावर दोनदा आपटला. सगळा हॉल वळून बघायला लागला. मी हात वर केला, गळ्यावरचा रुमाल बाजूला केला. मग समोर बसलेल्या आयोगाच्या बाईंनी मला पुढं बोलावून खुर्ची दिली आणि वहीवरचं सगळं शांतपणे वाचलं. कंपनीचा वकील त्या दोन शब्दांवरच अडून होता. बाईंनी त्याला सांगितलं की पुढच्या तारखेला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंतचं रेकॉर्डिंग घेऊन या.

आता मला भ्या वाटतंय. ते आणतील. त्यात माझी बेल असंल. डबल निघाली तर मी तिथंच अर्ज मागं घेणार आणि पाच वर्षं गपगुमान हप्ते भरणार, हे आधीच सांगून ठेवतो. तिच्यावर ढकलणार न्हाय.

रात्री झोप लागत न्हाय असं लिहिणार होतो, पण तुम्ही काळजी करत बसाल. झोपतो.

आपल्या लोभावर हा अर्ज चाललाय.

वैजनाथ

———

मोशी,
१२ जुलै २०२५

चि. वैजू यास आशीर्वाद.

सिंगल निघो नाही तर डबल. डबल निघाली तर तुझ्या हप्त्यात माझ्या पेन्शनीतले दर महिना पाचशे धर, आणि नाही म्हणू नकोस. सिंगल निघाली तर मला दसऱ्याला त्या गाडीतून येरमाळ्याला न्यायचं. किल्ली मी पिशवीत काढून ठेवली आहे.

तारखेला गाडी घेऊन जा. जिच्यासाठी भांडायचं ती घरी कशाला ठेवायची? सीट मोकळी वाटली तर त्यावर वहीची पिशवी ठेव.

निकाल लागला की आधी मला फोन. मी एकच प्रश्न विचारीन.

अक्का

———

भूम,
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी फोनवर तुम्ही सुटलास का म्हणून विचारलंत आणि मी डबल दिली. तुम्ही रडायला लागलात, मग पलीकडं मल्लेश काय झालं, काय झालं म्हणायला लागला, म्हणून ठेवला. आता सविस्तर लिहितो.

गाडी घेऊनच गेलो. डॅशबोर्डवर मीच दोनदा वाजवली आणि क्लच सोडला. सीटवर पिशवी ठेवली होती. वळणावर ती घसरून खाली पडली तेव्हा सवयीनं मी हात आडवा घातला.

आयोगात एका खोलीत बसवलं. त्या बाई, कंपनीचा वकील, शोरूमचा मॅनेजर आणि मी. रेकॉर्डिंग लावलं. तुम्ही म्हणाला होता तस्संच. सुरुवातीला ती मुलगी वैजनाथ यांच्याशी बोलायचंय म्हणते, तर गजरा तिला सांगते की माझ्याशी बोललात म्हणजे त्यांच्याशीच बोललात, त्यांना आवाज न्हाय पण डोकं शाबूत आहे. वकील खाली बघायला लागला. मग गजरानं त्या मुलीला जेवलीस का विचारलं, गाव कुठलं विचारलं. मुलगी बीडकडची निघाली. मग कर्ज, हप्ता, सगळं झालं. आणि मग विमा. मुलीनं पाठ केल्यासारखं भराभर सांगितलं. गजरा म्हणाली की थांबा बाई, त्यांना विचारते. तिनं फोन बाजूला धरला आणि मला विचारलं की हे जिवाच्या विम्याचं आणि वॉरंटीचं म्हणतायत, मिळून चौसष्ट हजार, घ्यायचं का.

अक्का, त्या खोलीत मी श्वास धरला होता. गळ्यातून घेतो तो, तरी धरला.

एक ठोका वाजला. एकच. नंतर काही न्हाय.

आणि गजरा फोनवर म्हणाली, नको म्हणतायत. कॅन्सरच्या माणसाला कसला विमा देता, म्हणतायत. ते शेवटचं मी म्हणालो नव्हतो, मी फक्त ठोका दिला होता. पण मला तेच म्हणायचं होतं. मुलगी बरं म्हणाली, पुढं गाडीची बाकी माहिती दिली, आणि सगळ्यात शेवटी विचारलं की सगळी माहिती नीट समजली ना. त्यावरचं ते समजली, समजली.

बाईंनी वकिलाला विचारलं की हा ठोका कसला. मी वहीवर लिहिलं, मी एसटीचा कंडक्टर आहे, सिंगल म्हणजे थांबा. बाईंनी ते वाचून दाखवलं. मॅनेजर म्हणाला की मॅडम, खरं आहे, आम्ही सगळे एसटीनंच शिकलो.

कंपनीनं तडजोड केली. विमा आणि वॉरंटी दोन्ही कर्जातून काढले, जादा घेतलेले हप्ते वळते करणार. तडजोडीच्या कागदात वकिलानं पुन्हा ती त्रयस्थ व्यक्ती आणली. मी तिथं बोट ठेवून एकदा वाजवली. बाईंना उमगलं. त्यांनी ते खोडायला लावून लिहून घेतलं की अर्जदाराने आपल्या पत्नीच्या तोंडून स्पष्ट नकार दिला होता. मग सही केली. आणि एक अट घातली, रेकॉर्डिंगची नक्कल मला पाहिजे. वकील म्हणाला कंपनीच्या नियमात बसत न्हाय. बाई म्हणाल्या की आमच्या फायलीत आलंय, आम्ही देऊ. दिली.

दसऱ्याला तुम्हाला न्यायला मोशीला येतो. नवव्या मजल्यावर हाक मारता यायची न्हाय, खाली उभा राहून हॉर्न दोनदा वाजवीन. येरमाळ्याचं घर उघडू. चार दिवस तिथं राहा, चार दिवस इथं. मी बोलत न्हाय, पण ऐकायला पक्का आहे.

आज जेवलो. ही डबल खरी आहे.

लोभ पोचतोय, असाच पाठवत राहा.

आपला,
वैजनाथ

ता. क. हे लिहिणार नव्हतो. रेकॉर्डिंग समजली, समजलीवर संपत न्हाय. गजरानं नेहमीसारखा फोन बंद न करता पालथा ठेवला आणि त्या मुलीनंही लगेच तोडला न्हाय. मागून आमचं घर ऐकू येतं. मग गजरा विचारते, चहा टाकू का. आणि दोन ठोके वाजतात. मी रोज चारच्या सुमाराला ते लावतो. तिनं विचारलं की रेकॉर्डिंगमधले ठोके यायच्या आधी माझं बोट टेबलावर दोनदा पडतं. तिच्या बांगड्या वाजतात, ती उठते, आणि तिथं फोन तुटतो. मग मी उठून चहा टाकतो. अजून दोन कप पाणी घेतलं जातं.